ऑनलाइन दुकानाची गती : कारणमीमांसा व उपाय

प्रस्तावना :
दुकानाच्या पायरीवरून परत फिरलेले गिऱ्हाईक दुकानदाराला निदान दिसते तरी. ऑनलाइन दुकानात पृष्ठ उघडण्याची वाट पाहून निघून गेलेला ग्राहक विक्रेत्याच्या लक्षातही येत नाही. देवगड-रत्नागिरीचे आंबा बागायतदार, येवल्याचे पैठणी विणकर असे अनेक लहान उत्पादक आज थेट ग्राहकाला माल विकू लागले आहेत. हापूसचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा असतो. जाहिरातीवर खर्च करून आणलेला ग्राहक त्या काळात हातचा गेला, तर तो पुढील वर्षापर्यंत गेलाच. म्हणूनच पृष्ठ उघडण्याच्या गतीचा विचार हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही.

पूर्वानुभव :
या संदर्भात बू डॉट कॉम या लंडनस्थित कंपनीचे उदाहरण उद्बोधक आहे. वस्त्रप्रावरणे विकणारे हे संकेतस्थळ १९९९ च्या उत्तरार्धात सुरू झाले आणि मे २००० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या अपयशास बेसुमार खर्चासह अनेक कारणे होती. तथापि फिरवून पाहता येणारी चित्रे आणि बोलकी आभासी विक्रेती यांनी जड झालेली पृष्ठे हे त्यांतील एक ठळक कारण होय. त्या काळी घरोघरी ५६ केबीपीएसचे मोडेम असत. त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे ७ केबी. म्हणजे ३०० केबीचे पृष्ठ उतरवण्यास चाळीस सेकंदांहून अधिक काळ लागे. जेकब नील्सन यांनी १९९३ मध्येच नमूद केले होते की, एक सेकंदापर्यंतच्या विलंबाने वापरकर्त्याची विचारशृंखला तुटत नाही, तर दहा सेकंद ही त्याच्या अवधानाची मर्यादा होय. जोडण्या वेगवान झाल्या; माणसाचा धीर मात्र तेवढाच राहिला.

विलंबाचे स्वरूप :
विलंबाचे पहिले कारण अंतर हे होय. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनिया सुमारे १३,००० किलोमीटर दूर आहे. तेव्हा एका जाण्या-येण्यास किमान १३० मिलिसेकंद लागणारच, प्रत्यक्षात त्याहून अधिक. जोडणी प्रस्थापित करणे, सुरक्षिततेची बोलणी आणि पृष्ठाची मागणी अशा तीन फेऱ्या झाल्या, तर पहिले अक्षर येण्यापूर्वीच ०.४ सेकंद खर्ची पडतात. ग्राहक महाराष्ट्रात असताना सर्व्हर परदेशी ठेवण्यात म्हणूनच काही स्वारस्य नाही. तो मुंबईत असावा, अथवा पृष्ठांच्या प्रती ग्राहकाच्या जवळ ठेवणारी सीडीएन सेवा घ्यावी.

दुसरे कारण वजन; आणि लहान दुकानांत खरा घोळ बहुधा येथेच असतो. मोबाइलवर काढलेले छायाचित्र ४००० बाय ३००० पिक्सेलचे असते. ते ४०० बाय ३०० च्या चौकटीत दाखवायचे असताना मूळ स्वरूपातच चढवले, तर आवश्यकतेच्या शंभरपट पिक्सेल ग्राहकाच्या माथी मारले जातात. समजा, अशी प्रत्येकी ४०० केबीची चाळीस चित्रे एका पृष्ठावर आहेत. एकूण १६ एमबी झाले. ८ एमबीपीएसच्या जोडणीवर त्यास सोळा सेकंद हवेत. चित्रे चौकटीच्या मापाची करणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय होय. गूगलने २०१० मध्ये जाहीर केलेल्या वेबपी स्वरूपात तीच चित्रे जेपेगच्या तुलनेत साधारण २५ ते ३४ टक्के लहान होतात, असे त्या कंपनीचे मोजमाप आहे. खालची चित्रे ग्राहक तेथवर पोहोचेल तेव्हाच मागवावीत. पहिल्या मोठ्या चित्रास मात्र हा नियम लावू नये, अन्यथा तेच उशिरा येते. अनेक तयार साच्यांत ही चूक सर्रास आढळते.

गप्पांची खिडकी, जाहिरात-मापन, सवलतीची उसळती पाटी इत्यादींसाठी जोडलेल्या परक्या स्क्रिप्ट्सचे ओझे निराळेच. त्या केवळ उतरवून भागत नाही, फोनच्या प्रोसेसरला त्या चालवाव्याही लागतात. विकसकाच्या महागड्या संगणकावर हे जाणवत नाही. चाचणी स्वस्त फोनवरच घ्यावी.

मोजमाप :
गूगलने २०२० मध्ये पुढे आणलेल्या निकषांनुसार पृष्ठावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा. स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, हा निकष मार्च २०२४ पासून लागू झाला. मजकूर हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत असावा. किमान ७५ टक्के भेटींत हे साधावे लागते. तिसरा निकष क्षुल्लक वाटेल. परंतु वरचे चित्र उशिरा येऊन बटण खाली सरकले की बोट भलत्याच ठिकाणी पडते. चित्राची लांबी-रुंदी आधीच नमूद केल्यास हा प्रकार टळतो.

साठवलेल्या प्रतींबाबत मात्र तारतम्य हवे. मालाची यादी आणि चित्रे खुशाल साठवावीत. खरेदीची पिशवी व पैसे भरण्याचे पृष्ठ कधीही साठवू नये. भाव आणि शिल्लक यांची प्रत अल्पायुषीच ठेवावी, कारण संपलेल्या पेटीची मागणी नोंदवून घेणारे वेगवान दुकान हे संथ दुकानापेक्षा अधिक तक्रारी ओढवून घेते.