सांबरशिंगी नेच्यास माती कोणती?

अलीकडे शहरांतील पुष्कळ घरांच्या सज्जांत व दिवाणखान्यांच्या भिंतींवर एक चमत्कारिक वनस्पती दिसू लागली आहे. फाटे फुटलेल्या सांबराच्या शिंगांसारखी तिची पाने असतात, म्हणून इंग्रजीत तीस ‘स्टॅगहॉर्न फर्न’ म्हणतात. प्लॅटिसेरियम या तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थही ‘रुंद शिंग’ असाच आहे. आम्ही तीस येथे सांबरशिंगी नेचे म्हणू. रोपवाटिकेत त्यासाठी बरीच किंमत मोजावी लागते, आणि कित्येक घरी पहिल्याच पावसाळ्यात ते बुडापासून काळे पडून जाते. घरची मंडळी हवेस दोष देतात. परंतु कुंडी उपडी करून पाहिली असता आत बहुधा गुलाबास किंवा तुळशीस घालतात तीच शेणखत मिसळलेली काळी माती आढळते.

या नेच्यास मातीची गरजच नाही. बाजारात सामान्यतः मिळणारी जात ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडील अरण्यांतील असून ती झाडांच्या खोडांवर वाढते. (याच कुळातील वॉलिशी नामक एक जात आपल्या मणिपुरातही आहे.) झाडावर राहूनही ते झाडाचा रस शोषीत नाही, त्यास केवळ आश्रय हवा असतो. त्याची पाने दोन प्रकारची असतात. शिंगांसारखी हिरवी पाने बाहेर झुकतात. आणि ढालीसारखी वाटोळी पाने बुडाशी खोडास घट्ट बिलगून बसतात. ही ढाल काही काळाने वाळून तपकिरी होते, तरी गळत नाही. तिच्या मागे पालापाचोळा साचून कुजतो आणि मुळे त्यातच पसरतात. म्हणजे हे झाड आपली माती आपणच तयार करते!

सह्याद्रीत हिंडलेल्या वाचकांस हा प्रकार अपरिचित वाटू नये. आंब्याच्या किंवा ऐनाच्या खोडावर चढणारे बाशिंग नावाचे नेचे त्यांनी पाहिले असेल. त्याचीही बुडाची तपकिरी पाने पाचोळा धरून ठेवितात. बाशिंग उपटून काळ्या मातीत पुरण्याचा विचार कोणास सुचणार नाही. सांबरशिंगीची प्रकृती तीच आहे.

तेव्हा प्रश्न मातीचा नसून मुळांभोवती घालावयाच्या भरीचा आहे. भरीने पाणी थोडे धरावे, हवा पुष्कळ खेळू द्यावी आणि लवकर दबून बसू नये. स्फॅग्नम नावाचे वाळविलेले शेवाळ आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते, म्हणून कोरड्या हवेत त्यासारखे दुसरे काही नाही. मात्र ते घट्ट दाबले की बोळ्यासारखे चिंब राहते. नारळाच्या सोडणाचे अंगठ्याएवढे तुकडे स्वस्त व सर्वत्र मिळणारे आहेत. त्यांत क्षार असतात व पाण्यास तांबूस रंग चढतो, यास्तव पाणी बदलीत ते दोनतीन दिवस भिजवून, रंग उतरेपर्यंत धुवून घ्यावे. हे तुकडे दोनतीन वर्षांत कुजू लागतात, तेव्हा भर बदलावी लागते. काथ्याचा बारीक भुसा, ज्यास कोकोपीट म्हणतात, तो एकटा वापरणे आम्हास मुळीच पसंत नाही. तो ओला झाला की मातीइतकाच घट्ट बसतो. लाकडी कोळशाचे खडे भर मोकळी ठेवितात. वृक्षनेच्याच्या खोडाचे तंतुमय फळकेही कोठे कोठे विकावयास असतात. ते उत्तम खरे. परंतु एकेक वृक्षनेचे वाढण्यास अनेक वर्षे लागतात आणि १९७३ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यांच्या व्यापारावर निर्बंध आहेत. सोडण हाताशी असता त्या वाटेस का जावे?

आता प्रमाण. मुंबई, रत्नागिरी, गोवे येथे पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. तेथे सोडणाचे तीन भाग व कोळशाचा एक भाग पुरे. शेवाळ चिमूटभर घालावे. पुणे, नाशिक येथे सोडण व शेवाळ निम्मेनिम्म असावे. नागपूर, सोलापूरकडील उन्हाळ्यास शेवाळ अधिक हवे, आणि झाडही भिंतीवर टांगण्यापेक्षा लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत ठेवणे बरे. इतरत्र सागाची वा फणसाची, रंग न दिलेली फळी घ्यावी, तीवर भरीचा पसाभर उंचवटा करावा, त्यावर झाड ठेवून नायलॉनच्या दोरीने बांधावे. तांब्याची तार नको. ती नेच्यांस बाधते. ढालीच्या मध्यावरील कोंब मात्र भरीखाली झाकू नये.

एवढे करूनही आमच्या घरांत एक धोका राहतो, तो मायेचा. प्रातःकाळी आजोबा पूजेचे उरलेले पाणी घालतात, माध्यान्ही काकू सुकले वाटते म्हणून तांब्या ओततात, सायंकाळी मुले पिचकारी मारतात. हे काम एकाच माणसाकडे सोपवावे. फळी हातात घेऊन ती हलकी लागली, तरच बादलीत दहा मिनिटे बुडवून निथळू द्यावी. शेंडे करपले तर पाणी कमी, बूड काळवंडले तर जास्त झाले, असे समजावे. केळीच्या साली ढालीमागे खोचण्याची चाल आहे. तीपासून लाभ किती होतो हे मुंग्यांनाच विचारावे.

आणखी एक. दिवाळीच्या साफसफाईत तपकिरी ढाल वाळलेले पान समजून ओरबाडू नये, पानांवरची पांढरी लव धूळ समजून पुसू नये, आणि शिंगांच्या टोकांखाली तपकिरी मखमलीसारखा थर आला तर रोग म्हणून कात्री लावू नये. ते त्याचे बीजाणू होत.