घरबसल्या कमाई? आधी पैसा कुठून कुठे जातो ते बघा!

दोस्तांनो, परीक्षा संपली की सुट्टीत चार पैसे कमवावेत, असं पुष्कळांना वाटतं. वाटायलाच हवं! पुण्यात तर सदाशिव पेठेत, नारायण पेठेत खोली करून राहणारे, मेस आणि अभ्यासिकेचा खर्च भागवताना मेटाकुटीला येणारे कितीतरी ताई-दादा आहेत. अशात मोबाइलवर निरोप येतो, 'घरबसल्या रोज २ ते ५ हजार कमवा. फक्त व्हिडिओंना लाइक द्या!'

२०२३ साली अशा निरोपांना भुलून फसल्याचे अनेक गुन्हे पुण्यात नोंदले गेले. आणि फसलेले काही अडाणी नव्हते बरं का! त्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर होते, निवृत्त माणसं होती. काहींचे लाखो रुपये गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा फसव्या कामांच्या आणि गुंतवणुकीच्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या. मग शिकलेली माणसं फसतात तरी कशी?

गळ असा टाकतात

गंमत अशी, की सुरुवातीला पैसे खरोखरच मिळतात! तीन लाइक दिले, की खात्यात दीडशे रुपये जमा. माणसाचा विश्वास बसतो. दीडशे रुपये हे चोराच्या गळाला लावलेलं गांडूळ असतं, एवढंच.

मग टेलिग्रामच्या गटात घेतात. तिथे 'मला आज दहा हजार मिळाले' असं सांगणारे बरेच जण असतात. ते बहुतेक त्यांचेच साथीदार! आता काम बदलतं. आधी हजार भरा, तेराशे परत घ्या. मग पाच हजार, मग वीस. पडद्यावर तुमच्या नावापुढचा आकडा फुगत जातो. पण तो आकडा म्हणजे पैसा नव्हे. ती वेबसाइट चोराची, तो हवा तो आकडा लिहितो. पैसे काढायला गेलात, की 'आधी टॅक्स भरा', 'तुमचं काम चुकलं, दंड भरा' सुरू. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी माणूस आणखी पैसे भरतो आणि खोल रुततो.

खरं काम कसं असतं?

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं. आजही तिथल्या भगिनी मळलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून आणून देतात आणि लाटण्याची मजुरी घेतात. हेही घरबसल्या कामच की! पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना घ्या. मुलं कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत काम करतात आणि तासांप्रमाणे पैसे मिळवतात.

दोन्हीकडे घाम तुमचा, पैसा समोरच्याचा. म्हणून नियम सोपा : कामाचा पैसा तुमच्याकडे येतो. काम मिळवायला तुम्हालाच पैसे भरावे लागत असतील, तर ते काम नव्हेच. मग त्याला रजिस्ट्रेशन म्हणा, डिपॉझिट म्हणा, नाही तर किटचे पैसे.

आणखी दोन सापळे

पहिला डेटा एंट्रीचा. ढीगभर मजकूर टाइप करायला देतात, नंतर म्हणतात, 'चुका झाल्या, करार मोडला, दंड भरा, नाही तर कोर्टात खेचू.' घाबरू नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक नसतो. आणि मोठ्यांनीही अशा धमकीला भिऊन पैसे देऊ नयेत, आधी पोलिसांना दाखवावं.

दुसरा जास्त घातक. 'तुझं बँक खातं वापरायला दे, कमिशन मिळेल.' त्या खात्यातून दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले पैसे फिरतात. पोलीस आधी पोचतात ते खातेदाराकडे, म्हणजे तुमच्याकडे! खातं, एटीएम कार्ड, सिम कुणालाही वापरायला देऊ नका.

आणि समोरचा गोड बोलणारा कोण असतो? मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या अशा फसवणूक केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणलं गेलं. त्यांतल्या अनेकांना चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून तिकडे नेलं होतं आणि लोकांना फसवायला जुंपलं होतं.

फसलात तर?

लपवू नका! चोराची सगळी भिस्त तुमच्या लाजेवर असते. 'आई ओरडेल, बाबा काय म्हणतील' म्हणून दोन दिवस गप्प बसलात, तर तेवढ्यात पैसे चार खाती ओलांडून गेलेले असतात. लगेच घरी सांगा आणि १९३० या क्रमांकावर फोन करा. वेळेत कळवलं, तर पैसे वाटेतच एखाद्या खात्यात अडवता येतात. मेसेज, पावत्या, नंबर काहीही पुसू नका, तोच पुरावा असतो. मग जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

आणि आई-बाबांनो, हे पान तुमच्याही हाती पडलं असेल तर एक विनंती. पोरगं सांगायला आलं, तर आधी १९३० लावा. ओरडायचं काय, ते नंतरही होईल!