विमाने पाहायला कोण जाणार?

2025च्या जानेवारीतली गोष्ट. इशाची नमाज झाली, जेवणे आटोपली आणि आम्ही दोघे नवराबायको वही-पेन घेऊन बसलो. फेब्रुवारीत बंगळूरजवळ येलहंका येथे 'एरो इंडिया' हे विमानांचे प्रदर्शन भरणार होते. सोलापूरहून एका रात्रीचा रेल्वेचा प्रवास. मुलांना एकदा दाखवून आणावे, एवढाच बेत होता. नववीतली लेक वर्तमानपत्रातली विमानांची कात्रणे गेली तीन वर्षे एका वहीत चिकटवत होती. सहावीतल्या मुलाला आवाज करत जाणारे काहीही आवडते.

घरात आम्ही पाच माणसे. दोघे आम्ही, दोन मुले आणि आमच्या सासूबाई, ज्यांना सगळे घर अम्मीजान म्हणते. हिशेब असा झाला. प्रदर्शनाची पाच तिकिटे, 5,000. रेल्वेचे स्लीपरचे जाणे-येणे, साधारण 4,000. एका रात्रीसाठी लॉजच्या दोन खोल्या, 3,600. तिथला बस-रिक्षाचा खर्च 1,500. जेवण, चहा, पाणी 2,300. बेरीज 16,400 रुपये.

आकडा पाहून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मग नावे खोडायला सुरुवात झाली. पहिले नाव अम्मीजानचे. त्या स्वतःच म्हणाल्या, "मला काय करायचीत विमानं? मी घरीच बरी." अम्मीजान घरी म्हटल्यावर त्यांच्यासोबत कोणीतरी हवे, म्हणून घरातल्या सुनेचे, म्हणजे ही ओळ लिहिणाऱ्या हाताचे नाव गेले. उरले तिघे. पण मुलगी असली की खोली लागते, आंघोळीची-कपड्यांची सोय लागते. बापलेक मात्र स्टेशनवर तोंड धुऊन थेट मैदानावर जाऊ शकतात आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत येऊ शकतात. दोघांचा खर्च 5,200. लेकीच्या नावावर रेघ मारली गेली. ती आम्हीच मारली, शाळेत मुलींना 'पुढे या' म्हणून सांगणाऱ्या हाताने.

लेक दारात उभी होती. काही बोलली नाही. आत जाऊन उद्याच्या पोळ्यांचे पीठ चाळू लागली.

तिकीट किती आणि कशाचे

एरो इंडिया 1996 पासून भरते, सहसा दर दोन वर्षांनी. हे मुळात व्यापाराचे प्रदर्शन आहे. देशोदेशीच्या कंपन्या आपली विमाने, इंजिने, रडार घेऊन येतात आणि सौदे करतात. 2025 साली ते 10 ते 14 फेब्रुवारी असे पाच दिवस होते. पहिले तीन दिवस व्यापारी मंडळींचे, शेवटचे दोन सर्वसामान्यांचे. ते दोन दिवस म्हणजे गुरुवार आणि शुक्रवार. जुम्याची नमाज चुकू नये म्हणून आमच्याकडच्यांनी गुरुवार निवडला.

तिकिटे तीन प्रकारची होती. व्यापाऱ्यांसाठी 5,000 रुपये. प्रदर्शनाच्या आत फिरायचे, उभी विमाने जवळून पाहायची तर 2,500. आणि फक्त आकाशातली उड्डाणे पाहायला जी वेगळी मोकळी जागा असते, तिचे 1,000. आम्ही धरले होते ते या शेवटच्या तिकिटाचे. त्या वर्षी अमेरिकेचे एफ-35 आणि रशियाचे सुखोई-57 एकाच प्रदर्शनात आली होती. ती जवळून पाहायची म्हटली असती तर पाच जणांच्या नुसत्या प्रवेशाचे साडेबारा हजार झाले असते.

पण आमचा हिशेब पुन्हा पाहा. 16,400 मध्ये तिकिटाचे 5,000, म्हणजे एक तृतीयांशही नाही. बाकीचा सगळा खर्च तिथे पोहोचण्याचा, राहण्याचा आणि खाण्याचा. तिकिटाचा दर वर्तमानपत्रात येतो, त्यावर चर्चा होते. भोवतालचा खर्च हळूहळू वाढतो आणि घराबाहेर पाऊल ठेवल्यावरच कळतो. एकच उदाहरण घ्या. रेल्वेत 58 वर्षांवरील स्त्रियांना भाड्यात निम्मी सवलत होती. मार्च 2020 मध्ये करोनाच्या वेळी ती बंद झाली, ती पुन्हा सुरू झालेली नाही. ती असती तर अम्मीजानच्या जाण्यायेण्याचे 400 रुपये वाचले असते. त्यात एका माणसाची दोन वेळची जेवणे झाली असती.

फुकटातही खर्च असतो

कोणी म्हणेल, फुकट दाखवतात तिथे जावे. तेही आम्ही केले आहे. 2024च्या जानेवारीत 12 ते 14 तारखेला मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाने कवायती केल्या. तिकीट नव्हते. शनिवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पाचही जण निघालो. घरून भाकरी, शेंगाची चटणी, उकडलेली अंडी नेली होती. तरी परत आल्यावर हिशेब लागला तो 4,800 रुपयांचा.

पण त्या दिवसाचे मोल आम्हाला आजही वाटते. समुद्रावरून सूर्यकिरण पथकाची विमाने एका रांगेत आली, तेव्हा शेजारची सगळी अनोळखी माणसे एकदमच ओरडली. लेकीला जास्त आवडली ती सारंग पथकाची हेलिकॉप्टरे. "अब्बा, ही इतकी जवळजवळ कशी राहतात?" हा तिचा प्रश्न रात्री गाडीत झोप लागेपर्यंत चालला होता. अम्मीजान कठड्यावर चादर टाकून बसल्या होत्या. नंतर स्टेशनच्या प्रतीक्षालयात त्यांनी जोहरची कस्र नमाज अदा केली आणि म्हणाल्या, "पाय दुखले, पण आले ते बरं झालं."

फुकटच्या कार्यक्रमात दुसरीही किंमत असते, आणि ती शरीराला मोजावी लागते. 6 ऑक्टोबर 2024 रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कवायती झाल्या. सुमारे 15 लाख लोक जमल्याचे सांगितले गेले. डोक्यावर ऊन, सावली नाही, पाणी मिळेना, परतायला गाड्या नाहीत. त्या दिवशी पाच माणसे दगावली आणि कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. घरातले वडीलधारे आणि लहान मुले यांना घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. सोबतचे पाणी, टोपी, छत्री आणि गर्दी फुटण्याआधी निघण्याची तयारी यात कंजूषी नको.

महाग का होते?

मुलाने आम्हाला विचारले होते, "विमानं तर सरकारचीच आहेत, मग पैसे कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. लाखो लोक एका जागी आणायचे तर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, पाणी, स्वच्छतागृहे, वाहनतळ हे सगळे लागते. 2019चे एरो इंडिया आठवा. सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सरावात सूर्यकिरणची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक मृत्युमुखी पडला. त्याच आठवड्यात वाहनतळाला आग लागून सुमारे 300 मोटारी जळाल्या. असे काही घडले की पुढच्या वेळी बंदोबस्त वाढतो आणि खर्चही वाढतो.

परदेशातही हेच दिसते. इंग्लंडमध्ये शोरहॅम येथे 22 ऑगस्ट 2015 रोजी कवायत करणारे जुने लढाऊ विमान रस्त्यावर कोसळून 11 जणांचा जीव गेला. त्यानंतर तिथले नियम कडक झाले आणि आयोजकांकडून घेतले जाणारे शुल्कही वाढले. बोर्नमथ या गावी समुद्रकिनाऱ्यावर 2008 पासून फुकट हवाई महोत्सव भरे. तिथल्या नगरपालिकेला खर्च झेपेना, म्हणून 2024 नंतर तो बंद झाला. ज्यांच्या खिशात तिकिटाचे पैसे आहेत त्यांच्यासाठी इतर ठिकाणची प्रदर्शने आहेत. किनाऱ्यावर डबा घेऊन येणारी कुटुंबे मात्र या आनंदाला मुकली.

म्हणजे खर्च वाढण्याची कारणे खरी आहेत. पण वाढलेल्या खर्चाचा भार घरात कोणावर टाकायचा, हे आपल्याच हातात असते. तिथे आम्ही चुकलो.

परत आल्यावर

बापलेक गेले आणि शुक्रवारी परत आले. मुलाचा आवाज बसला होता. सुखोई कसे उभेच्या उभे वर गेले, हे तो हाताने दाखवत होता. मग म्हणाला, "पण सारंगची हेलिकॉप्टरं आलीच नाहीत. का कोण जाणे."

"येणार नव्हतीच," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. "5 जानेवारीला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं. तेव्हापासून सगळी ध्रुव जमिनीवर आहेत. सारंगकडं ध्रुवच असतात."

मुलगा जरा वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग आम्हाला म्हणाला, "माझ्याऐवजी आपाला न्यायला पाहिजे होतं." येताना त्याने तिच्यासाठी दीडशे रुपयांची टोपी आणली होती. ती तिने घेतली, डोक्यावर मात्र घातली नाही.

त्या रात्री आमच्या मनात एक हदीस येत राहिली. एका सहाबींनी आपल्या एका मुलाला भेट दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साक्षीदार व्हावे अशी इच्छा केली. प्रेषितांनी (स.) विचारले, बाकीच्या मुलांनाही तेवढेच दिले का? नाही असे कळल्यावर त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला. ही हदीस आम्ही कितीदा ऐकली, वर्गातही सांगितली. वहीत रेघ मारताना ती आठवली नाही, कारण आम्ही त्याला अन्याय समजतच नव्हतो. काटकसर समजत होतो.

इसराफ वाईट, हे आपण मुलांना शिकवतो. उधळपट्टी आणि कंजूषी यांच्या मधला मार्ग सूरह फुरकानमध्ये सांगितला आहे. पण काटकसर म्हणजे दर वेळी घरातल्या बायका आणि मुली वजा करणे नव्हे. एसटीत बाईचे तिकीट 2023 पासून निम्मे आहे, तरी सहलीच्या यादीतून पहिले नाव तिचेच गळते. हिशेबापेक्षा आपली सवयच इथे जास्त बोलते.

आणि लेकीसाठी ते नुसते मनोरंजन नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणी होत्या. ते कात्रण लेकीच्या वहीत आहे. ती पुढे काय होईल ते अल्लाह जाणे. पण जे पाहायचे आहे ते पाहण्याची तिची पाळी मागे राहू नये, एवढे तरी आईबापांनी करावे.

आता आम्ही काय करतो

वाचक बंधू-भगिनींना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आता कोणताही बेत मुलांच्या कानावर घालण्याआधी आम्ही दाराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंतचा पूर्ण खर्च लिहितो. पाच जणांचा खर्च झेपत नसेल तर दोघांना पाठवायचे नाही, स्वस्त बेत शोधायचा. आणि अगदीच निवड करायची वेळ आली तर ज्याला त्या गोष्टीची सर्वांत जास्त ओढ आहे, त्याचे नाव आधी लिहायचे.

पैशासाठी शाळेतल्या आणि मोहल्ल्यातल्या सतरा जणींची दरमहा हजाराची भिशी धरली. व्याजाचा प्रश्न नाही आणि एकदम ओझेही नाही. आमचा नंबर लागला की सतरा हजार हातात येतात.

नेहमीच्या क्रमाने पुढचे एरो इंडिया 2027च्या फेब्रुवारीत यायला हवे. पण त्या वर्षी रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू होण्याचा अंदाज आहे, पुढे चांद दिसेल तसे. प्रवासात रोजा सोडण्याची मुभा आहे, पण विमाने पाहण्यासाठी रोजे मागे टाकायला अम्मीजान राजी नाहीत, आणि दिवसभर उन्हात रोजा धरून उभे राहणे मुलांना जड जाईल. तारखा आडव्या आल्या तर मे महिन्याच्या सुट्टीत बंगळूरला जाऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे विमान संग्रहालय पाहायचे, असा दुसरा बेत लेकीनेच मांडला आहे. तिथे विमाने उडत नाहीत, पण जवळून पाहता येतात आणि प्रवेशाचे पैसे किरकोळ आहेत.

तोवर होटगी रोड आहेच. जून 2025 मध्ये सोलापूर विमानतळावरून गोव्याचे विमान सुरू झाले. सुट्टीच्या दिवशी, वेळ साधली तर, आम्ही पाचही जण दोन स्कूटर आणि एक रिक्षा करून तिकडे जातो. रिक्षाचे 120 रुपये आणि भाजक्या शेंगांचे 30. पंख्यांचे छोटे विमान खाली उतरते. पहिल्या वेळी अम्मीजाननी कानावर हात ठेवले होते. आता त्याच मुलाला विचारतात, "आज उशीर का झाला रे?" आणि उत्तर लेक देते.

वहीतले ते खोडाखोडीचे पान आम्ही फाडलेले नाही. त्याच्या खाली नवा हिशेब लिहिला आहे, पाच नावांचा.