मागच्या रांगेतला आवाज

१९९६ साली न्यू यॉर्कमध्ये ली फील्ड्स या सोल गायकाचं ध्वनिमुद्रण होतं. साथीला तीन गायिका बोलावल्या होत्या. आली एकटी शॅरन जोन्स. तिघींचे भाग तिनेच गायले. वय चाळीस. तोवर चर्चमध्ये आणि लग्नाच्या बँडमध्ये गाणं झालं होतं, पोटासाठी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहाऱ्याची नोकरीही. फार काळी, जाड, बुटकी, त्यात वय उलटलेलं, असं म्हणून संगीताच्या धंद्याने तिला वाटेला लावलं होतं.

त्या ध्वनिमुद्रणाचा निर्माता गेब्रिएल रॉथ याने तिला धरून ठेवलं. २००१मध्ये त्याने नील शुगरमनबरोबर डॅपटोन ही कंपनी काढली आणि पुढे ब्रुकलिनच्या बुशविक भागातल्या एका जुन्या घरात स्टुडिओ थाटला. आठ ट्रॅकची टेप, संगणक नाही. आठच ट्रॅक म्हटल्यावर प्रत्येक वाद्याला स्वतंत्र जागा कुठली? सगळे एकत्र बसून वाजवणार, ड्रमचा आवाज ट्रंपेटच्या माइकमध्ये शिरणार, आणि एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. शॅरनच्या साथीला असलेल्या डॅप-किंग्ज या बँडच्या वादनातली ऊब मला या सक्तीतून आलेली वाटते. साठच्या दशकाची नक्कल करून ती मिळाली नसती.

२००२मध्ये शॅरन आणि डॅप-किंग्जचा पहिला अल्बम आला. पण जगाने हा बँड ऐकला तो २००६मध्ये, एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’मध्ये. एमी थोरच, तरी शॅरनचा वाटा तिला उशिरा मिळाला, ही बोच माझ्या मनातून जात नाही. शॅरनचा २००७चा ‘हंड्रेड डेज, हंड्रेड नाइट्स’ ऐकला की ती अधिकच जाणवते.

२०१३मध्ये शॅरनला कर्करोगाचं निदान झालं आणि तयार अल्बम लांबणीवर पडला. २०१४मध्ये ती केस गेलेल्या डोक्याने, टोप न घालता रंगमंचावर आली आणि नाचली. त्याच अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, तिचं पहिलंच. १८ नोव्हेंबर २०१६ला ती गेली. पुढच्याच वर्षी डॅपटोनचा गायक चार्ल्स ब्रॅडलीही गेला. त्याचा तर पहिला अल्बम बासष्टाव्या वर्षी निघाला होता.

‘सोल ऑफ अ वुमन’ हा तिचा शेवटचा अल्बम २०१७मध्ये आला. त्यातलं शेवटचं गाणं तिने तरुणपणी आपल्या चर्चच्या गायकवृंदासाठी रचलेलं. तिचा आवाज आधीच टेपवर होता. ती गेल्यावर त्या वृंदातली माणसं बुशविकच्या स्टुडिओत आली आणि तिच्या मागे उभं राहून गायली.