श्रावण संपल्यावर

श्रावण संपला की आमच्या घरी मटणाचा बेत ठरलेला. चार वर्षांपूर्वी मी म्हटलं, "मला नको." आई हसली, "बघू किती दिवस टिकतंय!"

तेलंगणात हे टिकवणं सोपं नाही. 2014 च्या सरकारी पाहणीत इथले शंभरातले जवळजवळ 99 लोक मांसाहारी निघाले. अंबरपेठेत रमजानच्या संध्याकाळी हलीमचा वास आला की माझे पाय आजही अडखळतात. गेल्या वर्षी मित्रांबरोबर दोन चमचे खाल्लेच. रात्रभर चुटपुट लागली.

सकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तुला ओढ मटणाची की तळलेल्या कांद्याची, तुपाची आणि गरम मसाल्याची?" तिनं तोच मसाला सोयाबीनच्या वड्यांना लावला. ओढ बरीचशी शमली.

एक मात्र सांभाळा. बी-12 जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. रोज दूध-दही घ्या, थकवा वाटला तर रक्त तपासा. नाहीतर अशक्तपणाचं निमित्त होतं आणि मन पुन्हा मटणाकडे धावतं.

चुकून खाल्लं म्हणून नेम संपत नाही; पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू करता येतो. आता श्रावणानंतर आमच्याकडे दोन पातेली चढतात. किती दिवस, हे आई विचारत नाही.