जर्नल मुलीचं, परीक्षानळी मुलाची

दहावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींची बाजी’ हा मथळा ठरलेला. तरीही वर्गात सर्किट जोडायचं म्हटलं की सगळे मुलांकडे पाहतात. रेवदंडा ते मुरूड या पट्ट्यातल्या शाळांत मी अनेक वर्षं विज्ञान शिकवलं. प्रयोगाला चौघांचा गट केला की न सांगता वाटणी होई. मुलगे तारा जोडणार, स्पिरिटचा दिवा पेटवणार. मुली निरीक्षणं लिहिणार, कारण काय, तर ‘तिचं अक्षर चांगलं’. मार्क सगळ्यांना मिळत, हात मात्र मुलांचेच सरावत. ‘मुलीचा हात भाजला तर?’ असं एका पालकांनी मला विचारलं होतं. त्यांची मुलगी रोज सकाळी चूल पेटवूनच शाळेत येत असे!

आपल्या किनाऱ्यावर तर हे फारच खटकतं. परासरण शिकवताना आपण फुगलेले मनुके मिठाच्या पाण्यात टाकतो, ते आक्रसतात. कोळीवाड्यातली मुलगी आईबरोबर मासळी खारवते, तेव्हा हेच घडतं. मीठ मासळीतलं पाणी ओढून घेतं, जंतूंना वाढायला ओलावा उरत नाही. किती मासळीला किती मीठ, हे तिला पुरतं ठाऊक असतं. पण घरी ते बायकांचं काम आणि शाळेत ते विज्ञान. दोन्हींची गाठ घालून द्यायला नको का?

मुलींविषयीचा हा ग्रह थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबईत बी.एस्सी. झाल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा खुद्द सर सी. व्ही. रामन यांनी ‘मुलगी’ म्हणून नकार दिला. त्या हटून बसल्या, वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळवला. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. पुढे त्यांनी कुपोषित मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी अभ्यास केला तो ताडामाडाच्या नीरेचा, म्हणजे आपल्या दारातल्याच वस्तूचा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघंही भाजी निवडताना दिसले. बरं वाटलं. पण प्रयोगशाळेतली वाटणी शिक्षकालाच मोडावी लागते. मी नियम केला: आज ज्याने लिहिलं, पुढच्या वेळी उपकरण त्याच्या हाती. पहिल्या महिन्यात मुलींकडून दोन परीक्षानळ्या फुटल्या आणि लगेच कुरकुर झाली. त्याआधी मुलांनी किती फोडल्या, ते कुणी मोजलं नव्हतं.