मदत येईपर्यंतचा काळ

परदेशांतील शाळांवर झालेल्या गोळीबाराच्या वार्ता वाचून, आपल्याही शाळेच्या फाटकाशी बंदूकधारी पहारेकरी असावा, असे अनेक पालकांच्या मनात येते. या प्रश्नाचा विचार करताना शस्त्राइतकाच काळाचाही हिशेब मांडला पाहिजे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेक्यांनी गोळीबार केला. पोलीस तेथे होतेच. परंतु बहुतेकांच्या हाती लाठी वा जुनी रायफल. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान हरियाणातील मानेसरहून निघाले, आणि त्यांची कारवाई सुरू होईतो दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. मग मधल्या काळात लोकांना वाचवले कोणी? स्थानकावरील उद्घोषक विष्णु झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून उतारूंना सुरक्षित वाट दाखविली. कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी दारे लावून वीस गर्भवती स्त्रियांना आतल्या खोलीत नेले. गिरगाव चौपाटीवर तर तुकाराम ओंबळे यांनी, हाती केवळ लाठी असताना, कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि प्राण जाईतो सोडली नाही!

पुढे २००९ मध्ये सुरक्षा दलाची केंद्रे मुंबई, चेन्नई, कोलकाता व हैदराबाद येथे निघाली. हे योग्यच झाले. पण हैदराबाद आपल्या आदिलाबादेपासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर! म्हणजे आपल्यापुरते पाहता प्रथम येणार ते जवळच्या ठाण्यातील पोलीसच.

आणि शस्त्रे जवळ असली म्हणजे भागले, असेही नाही. अमेरिकेत १९९९ साली कोलंबाइन येथील शाळेला पोलिसांनी वेढा घातला, पण आत शिरण्यास विलंब केला. एक जखमी शिक्षक काही तास मदतीची वाट पाहत मरण पावला. त्यानंतर ‘थांबू नका, तत्काळ आत जा’ असे शिक्षण तेथील पोलिसांना देण्यात येऊ लागले. तरीही २०२२ मध्ये टेक्सासातील युवाल्डी गावी शेकडो सशस्त्र पोलीस जमा झाले असता हल्लेखोरापर्यंत पोहोचण्यास ७७ मिनिटे लागली. १९ मुले व दोन शिक्षिका प्राणास मुकल्या.

त्या चौकशीत एक साधीच गोष्ट आढळली, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तेथील वर्गाच्या दाराला आतून कुलूप लावण्याची सोय नव्हती; ते बाहेरून किल्लीनेच लागत असे. पालकहो, पुढील सभेस याल तेव्हा पहारेकऱ्याच्या पगाराची चर्चा अवश्य करू. पण त्याआधी प्रत्येक वर्गाची कडी एकदा आपण मिळून पाहू या.